जुना कॉम्प्युटर रखडतो तेव्हा: दोष रॅमचा की डिस्कचा, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

‘मेमरी फुल झालीय’ ही तक्रार माझ्याकडे दोन अर्थांनी येते. एकाचा सी ड्राइव्ह लाल पट्टीवर आलेला असतो. दुसऱ्याच्या मशीनवर ब्राउझरचे सहा टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. दोघंही शब्द ‘मेमरी’ हाच वापरतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रॅम कमी पडलेला माणूस रविवारभर बसून फोटो डिलीट करतो आणि डिस्क मरायला टेकलेला माणूस रॅमची नवी स्टिक आणून बसवतो. सोमवारी दोघांचेही कॉम्प्युटर होते तसेच असतात.

या लेखात ‘रॅम’ म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, आणि ‘डिस्क’ म्हणजे फाइली कायम राहतात ती हार्ड डिस्क (आत तबकड्या फिरतात ती) किंवा एसएसडी (आत काहीच फिरत नाही, चिपवर साठवते ती). पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. आधी मोजायचं, मग डिस्कची तब्येत बघायची, मग साफसफाई करायची आणि खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की वेळ जातो, पैसे जातात आणि कधीकधी डेटाही जातो.

## दोन्हींचा संबंध कुठे येतो

हे कळलं नाही तर पुढचे आकडे वाचता येणार नाहीत, म्हणून तेवढंच सांगतो.

रॅम भरली की विंडोज काम थांबवत नाही. ज्या गोष्टींना बराच वेळ हात लागलेला नाही, त्या रॅममधून उचलून डिस्कवरच्या ‘पेजफाइल’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. तुम्ही त्या विंडोवर परत गेलात की त्या पुन्हा आत आणतं. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला डोकं (वाचणारी सुई) हलवून योग्य जागी पोचायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे जवळजवळ एक लाख पट वेळ. एसएसडी या दोन्हींच्या मध्ये आहे: हार्ड डिस्कपेक्षा शंभरेक पट चपळ, पण रॅमपेक्षा हजारेक पट संथ.

याचे दोन परिणाम. पहिला असा, की रॅम कमी पडते तेव्हा दिवा डिस्कचा लुकलुकतो. लोक डिस्कला दोष देतात, आणि फसतात. दुसरा परिणाम त्याहून कमी लोकांना माहीत असतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेजफाइलला वाढायला जागाच उरत नाही. अशा वेळी मशीन नुसतं संथ होत नाही, चालू प्रोग्राम धाडकन बंद पडतात.

## तयारी

हात लावण्याआधी एवढं करून ठेवा:

- महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी पार्टिशनवर (म्हणजे तिच्याच दुसऱ्या भागावर) ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही एकदमच जातात.
- ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, ते बघा.
- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. डिस्क बदलल्यावर किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा विसरायचा.
- एक कागद आणि पेन. आधीचे आकडे लिहून ठेवले नाहीत तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

## टप्पा १: रिस्टार्ट करा, शटडाउन करून चालू करू नका

विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. ती असताना शटडाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक करून ‘अप टाइम’ बघा. माझा मावसभाऊ शपथेवर सांगत होता की तो लॅपटॉप रोज रात्री बंद करतो. अप टाइम होता ४१ दिवस. एका रिस्टार्टने निम्मी तक्रार मिटली.

तपासा: रिस्टार्टनंतर अप टाइम शून्यापासून सुरू झाला पाहिजे.

## टप्पा २: नेहमीचं काम करत आकडे टिपा

सुरू झाल्या झाल्या मोजू नका. पहिली काही मिनिटं विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग डिस्कला पिळून काढत असतात. जुन्या हार्ड डिस्कवर त्या वेळी १०० टक्के दिसणं अगदी सामान्य आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग तुम्ही रोज जे उघडता तेच सगळं उघडा, तेवढेच टॅब, तीच एक्सेल फाइल. रिकामं मशीन मोजून काही कळत नाही.

आता परफॉर्मन्स टॅबमधून हे लिहून घ्या:

1. मेमरी: ‘इन यूज’ किती, एकूण किती.
2. मेमरी: ‘कमिटेड’. इथे तिरप्या रेघेने दोन आकडे असतात. पहिला म्हणजे प्रोग्रामनी मागितलेली जागा, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा.
3. डिस्क: ‘ॲक्टिव्ह टाइम’ आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’.
4. सी ड्राइव्हवर मोकळी जागा.

आकडे समोर ठेवून एका विंडोवरून दुसरीवर जा आणि तेव्हा काय हलतं ते बघा. ४ जीबी रॅमच्या एका लॅपटॉपवर मला दिसलेलं चित्र असं होतं: इन यूज ३.५, कमिटेड ७.४/७.९, ब्राउझरवरून वर्डवर गेलं की डिस्क लगेच १०० टक्क्यांना चिकटायची आणि रिस्पॉन्स टाइम ६०० मिलिसेकंदांच्या पुढे. पाच-सात सेकंदांनी सगळं शांत. परत ब्राउझरवर आलं की पुन्हा तेच. मालकाचं म्हणणं होतं, ‘हार्ड डिस्क गेली.’ डिस्क ठणठणीत होती. रॅम अपुरी पडत होती आणि डिस्क तिच्या वाटचं ओझं वाहत होती.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमधून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा. मेमरी टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ असा रकाना आहे. नाव भयानक असलं तरी तो बिघाड नव्हे. हवी ती गोष्ट रॅममध्ये सापडली नाही, डिस्कवरून आणावी लागली, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना हा आकडा वाढतोच. पण उघडून बराच वेळ झालेल्या प्रोग्राममध्ये फिरतानाही तो सतत शेकड्यांत राहिला, आणि डिस्क टॅबमधल्या फाइलींच्या यादीत पेजफाइलचं नाव वर आलं, तर निदान पक्कं.

आकडे असे वाचा:

- इन यूज ८५-९० टक्क्यांच्या वर, आणि विंडो बदलताना डिस्क उसळते: रॅम कमी. टप्पा ५ आणि ६ तुमच्यासाठी.
- इन यूज ५०-६० टक्के, तरी डिस्क १५ मिनिटांनंतरही १०० टक्के: डिस्क संथ किंवा आजारी आहे, नाहीतर मागे काहीतरी चालू आहे. प्रोसेसेस टॅबमध्ये डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून कोण चरतंय ते बघा.
- कमिटेडचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि सी ड्राइव्ह भरलेला: टप्पा ३ झाला की आधी टप्पा ४.
- रॅम आणि डिस्क दोन्ही शांत, सीपीयू मात्र १०० टक्के: हा लेख तुमच्या कामाचा नाही. पंखा, धूळ किंवा एखादा वेडावलेला प्रोग्राम शोधा.

सावधान: ‘फ्री’ रॅम कमी दिसते म्हणून घाबरू नका. विंडोज मोकळी रॅम मुद्दाम कॅशसाठी (पुन्हा लागेल ते हाताशी ठेवण्यासाठी) वापरतं आणि गरज पडताच सोडून देतं. बघायचं ते ‘अव्हेलेबल’.

## टप्पा ३: डिस्कची तब्येत, साफसफाईच्या आधी

लोक हा टप्पा हमखास गाळतात आणि सगळ्यात महाग पडतो तोही हाच.

मरत आलेली हार्ड डिस्क बाहेरून नुसती ‘संथ’ दिसते. एखादा सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा) वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तोवर विंडोज ताटकळतं. अशा डिस्कवर हजारो फाइली डिलीट करणं, वर डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) चालवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उघडा. निळा ‘गुड’ असेल तर पुढे चला. पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ असेल तर खालच्या यादीत तीन ओळी बघा:

- ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’: खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर.
- ‘करंट पेंडिंग सेक्टर’: वाचताना अडलेले, निकाल अजून लागायचा आहे असे सेक्टर.
- ‘सीआरसी एरर’: हा आकडा वाढत असेल तर बऱ्याचदा डिस्क निर्दोष असते आणि डेटा केबल सैल किंवा खराब असते. डेस्कटॉपवर आधी केबल बदलून बघा.

पहिल्या दोन ओळींत शून्य नसेल, आणि विशेषतः दोन दिवसांत आकडा वाढला असेल, तर इथेच थांबा. महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा आणि थेट टप्पा ७ वर जा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन परत परत चालू-बंद करून ‘बघू’ नका.

## टप्पा ४: सी ड्राइव्हवर जागा करणं

किती जागा हवी? हार्ड डिस्कवर १५ ते २० टक्के, एसएसडीवर १० ते २० टक्के मोकळे ठेवा. हार्ड डिस्क भरत आली की नव्या फाइली तुकड्यातुकड्यांत आणि आतल्या, संथ वर्तुळांवर लिहिल्या जातात. एसएसडीला लिहिण्याआधी जुने ब्लॉक रिकामे करावे लागतात. मोकळी जागा नसेल तर हीच हलवाहलव वाढते.

पण जी डिस्क आधीच निम्मी रिकामी आहे ती आणखी रिकामी करून वेग वाढत नाही. फोटो डिलीट करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

क्रम असा ठेवा:

1. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. आधीच्या विंडोजची प्रत, अपडेटचा कचरा, रीसायकल बिन निवडा. प्रत्येक खूण वाचा. या यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरही असतो. कित्येकांची कागदपत्रं वर्षानुवर्षं तिथेच पडलेली असतात.
2. न लागणारे प्रोग्राम सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर हाताने उडवू नका, आणि उचलून डी वर तर अजिबात टाकू नका. तो प्रोग्राम पुन्हा उघडणार नाही.
3. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘लोकेशन’ टॅब वापरा. मग विंडोजलाही नवा पत्ता कळतो.
4. हे सगळं झाल्यावर, आणि फक्त फिरत्या हार्ड डिस्कवर, ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ चालवा. भरलेल्या डिस्कवर आधीच डीफ्रॅग चालवला तर त्याला तुकडे हलवायला मोकळी जागाच मिळत नाही. एसएसडीवर बाहेरचं डीफ्रॅग साधन चालवू नका. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून ट्रिमचं (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवण्याचं) काम करतं, ते चालेल.

सावधान: विंडोजच्या आतला विनएसएक्सएस हा फोल्डर अवाढव्य दिसतो आणि हात शिवशिवतात. त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजच्या दुसऱ्या फोल्डरमधल्याच असतात, फक्त दोनदा मोजल्या जातात. तो डिलीट करू नका. पेजफाइल बंद करून ‘जागा वाचवणं’ हाही तसलाच उद्योग. मी स्वतः एकदा वेग वाढेल म्हणून पेजफाइल त्याच हार्ड डिस्कच्या डी पार्टिशनवर हलवली होती. डिस्कचं डोकं दोन टोकांमध्ये पळायला लागलं आणि मशीन आणखीच रडायला लागलं. ती ‘सिस्टिम मॅनेज्ड’ वरच ठेवा.

रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही ‘साफ’ करणारे प्रोग्राम, यांच्याबद्दल काही लिहीत नाही. वापरू नका, एवढंच.

तपासा: रिस्टार्ट करून टप्पा २ चे आकडे पुन्हा घ्या. समाधान झालं असेल तर इथेच थांबा.

## टप्पा ५: आहे त्या रॅमवरचा भार कमी करणं

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमधून मशीनबरोबर आपोआप उठणारे प्रोग्राम डिसेबल करा. प्रिंटरचे मदतनीस, चॅट, गेम लाँचर, अपडेटर यांना सकाळपासून जागं राहायची गरज नसते. अँटिव्हायरस, टचपॅड आणि ऑडिओच्या नोंदींना मात्र हात लावू नका.

मग ब्राउझर. जुन्या मशीनवर बहुतेक रॅम तोच खातो. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ चालू करा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब, कुठलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किती खातंय ते नावानिशी दिसतं. खूपदा दोषी टॅब नसतो, कधीतरी टाकून विसरलेलं एक्स्टेंशन असतं.

सावधान: ‘रॅम बूस्टर’ छापाचे प्रोग्राम टाकू नका. ते चालू कामाची पानं (रॅममधले डेटाचे तुकडे) जबरदस्तीने रॅमबाहेर ढकलतात. आकडा क्षणभर सुंदर दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तीच पानं डिस्कवरून परत आणावी लागतात.

## टप्पा ६: रॅम वाढवणं

खरेदीआधी चार गोष्टी तपासा.

विंडोज ३२ बिट आहे का? सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट मध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघा. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या वर जात नाही, आणि त्यातलेही साधारण ३.२ ते ३.५ जीबीच हाती लागतात. तिथे ८ जीबी बसवून उपयोग शून्य. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोज नव्याने टाकावं लागतं, वरच्या वर बदलता येत नाही.

स्लॉट रिकामा आहे का? टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो? मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, अंदाजाने ठरवू नका.

प्रकार कोणता? डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची स्टिक आखूड आणि डेस्कटॉपची लांब. फसवणारी जोडी आहे डीडीआर३ आणि डीडीआर३एल. दोन्ही सारख्याच दिसतात आणि त्याच स्लॉटमध्ये बसतात. पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वरही. ३एल सहसा जुन्या मशीनमध्ये चालून जाते. उलटं केलं, म्हणजे ३एल मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ बसवली, तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता मोठी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुनी स्टिक काढून तिच्यावरचं लेबल वाचणं.

बसवताना:

1. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे ते पूर्ण होतं. चार्जर काढा. निघत असेल तर बॅटरी काढा. आतली असेल तर झाकण उघडल्यावर तिचा कनेक्टर सोडवा. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.
2. उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्टिक कडांनी धरा.
3. लॅपटॉपमध्ये स्टिक तिरपी आत सरकवा, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत. मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. डेस्कटॉपमध्ये सरळ वरून दोन्ही टोकं दाबा.

पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका. काही मशीन नवी रॅम ओळखायला वेळ घेतात. तरीही काही आलं नाही, किंवा बीप वाजत राहिले, तर बंद करून स्टिक पुन्हा बसवा. दहापैकी आठ वेळा ती अर्धवटच बसलेली असते. जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळपट असतील तर मऊ खोडरबरने हलकेच पुसा आणि भुगा झटकून टाका.

तपासा: टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण आकडा दिसतोय का? ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ मध्ये थोडी रॅम ग्राफिक्ससाठी जाते, ते ठीक. कित्येक जीबी अडकले असतील तर ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स मध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर कुणी खूण केलीय का ते बघा आणि काढून टाका. त्यानंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा पूर्ण चालवा.

## टप्पा ७: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी

रॅम ८ जीबी आहे, डिस्कची तब्येत बरी आहे, तरी मशीन रडतंय, तर खर्च इथेच करा. जुना साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) असला तरी हरकत नाही. वेगाची मर्यादा येईल, पण तुम्हाला जाणवणारा फरक डोकं हलवण्याचा वेळ वाचल्याने पडतो.

- जुन्या लॅपटॉपला बहुधा २.५ इंची साटा एसएसडी लागते. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते तो) असेल तर तो साटाचा आहे की एनव्हीएमई या वेगवान जोडणीचा, हे आधी माहितीपत्रकात बघा. आकार सारखा असला तरी दोन्ही एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही.
- जुनी डिस्क निरोगी असेल तरच क्लोन (हुबेहूब प्रत) करा. क्लोनिंग टप्पा ४ च्या नंतर; कचऱ्यासकट कशाला न्यायचं? वापरलेली जागा नव्या एसएसडीपेक्षा बरीच कमी हवी.
- टप्पा ३ मध्ये डिस्क आजारी निघाली असेल तर क्लोन करू नका. विंडोज नव्याने टाका आणि फाइली बॅकअपमधून आणा. नव्याने टाकताना बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना ते आधी बघा. विंडोज टाकून झाल्यावर तो बदलला तर मशीन बूट न होण्याची शक्यता असते.
- क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असतील तर कुठल्या डिस्कवरून बूट झालं ते कळत नाही.

आणखी एक. विंडोज १० ला मोफत नियमित सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. तुमचं मशीन ११ घेत नसेल तर एसएसडी आणि रॅम दोन्हींवर खर्च करण्याआधी त्यावर पुढे काय चालवणार, लिनक्स की आणखी काही, ते ठरवा.

## टप्पा ८: पुन्हा मोजा

तयारीच्या वेळी काढलेला कागद घ्या. तेच प्रोग्राम, तेवढेच टॅब, तीच पंधरा मिनिटांची वाट, आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. एसएसडी बसवल्यावर रिस्पॉन्स टाइम बहुतेक वेळ एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवा. रॅम वाढवल्यावर विंडो बदलताना डिस्क उसळायची थांबली पाहिजे. इन यूज तेवढ्याच टक्क्यांवर असेल आणि डिस्क अजून उसळत असेल, तर टप्पा ५ वर परत जा. एखादं एक्स्टेंशन किंवा प्रोग्राम मिळेल तेवढी रॅम गिळतोय, आणि त्याला आणखी रॅम दिली तर तीही तो गिळेल.

जुनी डिस्क त्याच संध्याकाळी फॉरमॅट करू नका. लेबल लावून दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. काय आणायचं राहिलं ते साधारण दहाव्या दिवशी आठवतं.